फौंड्री विहिरीमागून आली

कोल्हापूरच्या फौंड्र्यांना, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांना, लोखंड पुरवणारी एकही खाण जिल्ह्यात नाही. दगडी कोळसा नाही. बंदरं सगळी घाटाखाली, आणि रेल्वे मिरजेहून कोल्हापूरला येते ती इथंच संपते. तरीही शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात मिळून तीनशेच्या घरात फौंड्र्या आहेत. देशभर धावणाऱ्या ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांचे कितीतरी भाग इथल्या वाळूच्या साच्यांतून निघतात.

मी यांतल्याच एका फौंड्रीत खरेदी विभाग सांभाळते. कुठला माल कुठून येतो आणि त्याला गाडीभाडं किती पडतं, हे बघणं माझं रोजचं काम. पिग आयर्न, म्हणजे खनिजातून काढलेलं कच्चं लोखंड, गोव्याकडून येतं. सिलिका वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा भागातून घाट चढून येते. वाळूला चिकटपणा देणारं बेंटोनाइट कच्छचं. भंगार पुण्या-मुंबईच्या बाजूनं. कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, त्याहून लांबचा. कोल्हापूरचं स्वतःचं असं यात काय, तर काम करणारे हात. आणि पूर्वी एक वस्तू होती, मळी. तिच्याविषयी पुढं सांगते.

गंमत म्हणजे जिल्ह्यात एक खनिज भरपूर आहे. राधानगरीच्या डोंगरात, दुर्गमानवाडीला बॉक्साइटची खाण झाली. पण ते बॉक्साइट गेलं बेळगावच्या कारखान्यात. आपल्याकडं होतं त्याचा कारखाना दुसरीकडं झाला, आणि जे नव्हतं त्याचा धंदा आपल्याकडं फोफावला.

हे सगळं मनात घोळायला लागलं ते भाचीमुळं. भूगोलाच्या पुस्तकात उद्योगांच्या स्थानावर परिणाम करणारे घटक तिनं पाठ केले होते : कच्चा माल, वीज, पाणी, मजूर, वाहतूक, बाजारपेठ, भांडवल, सरकारी धोरण. म्हणाली, "आत्या, यातलं आपल्याकडं होतं तरी काय? मग आजोबा फौंड्रीच्या धंद्यात कसे काय आले?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्या यादीत सापडत नाही, कारण यादीला काळ नसतो. कुठली गोष्ट आधी आली आणि कुठली तिच्या मागून, हे यादी सांगत नाही.

यादी खोटी आहे असं मात्र नाही. आमच्याच जिल्ह्यात तिचा चोख पुरावा उभा आहे तो साखर कारखान्यांचा. शंभर किलो ऊस गाळला तर साखर निघते अकरा-बारा किलो. बाकी बगॅस म्हणजे चोथा, मळी, प्रेसमड म्हणजे रसातला गाळ, आणि पाणी. शिवाय तुटलेला ऊस ठेवला की वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो. असला माल कोण दोनशे किलोमीटर वाहून नेणार? म्हणून कारखाना उसाच्या फडापाशी जातो. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये हाच हिशेब सूत्रात बसवला : कच्च्या मालाचं वजन पक्क्या मालापेक्षा जितकं जास्त, तितका कारखाना कच्च्या मालाकडं ओढला जातो.

इंग्लंडात लोखंडाचे कारखाने कोळशाच्या पट्ट्यात दाटले ते याच हिशेबानं. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीनं कोलब्रुकडेलला कोकवर लोखंड गाळून दाखवलं. तेव्हा एक टन लोखंडामागं खनिजापेक्षा कोळसाच कितीतरी जास्त टन लागायचा, मग भट्टी कोळशाच्या खाणीजवळच राहणार. १८२८ मध्ये नीलसननं गरम हवा भट्टीत सोडायची युक्ती काढली, कोळसा कमी लागायला लागला, आणि कोळशाची ती ओढही सैल होत गेली. ते स्वस्त विलायती लोखंड जहाजानं आणि मग रेल्वेनं आपल्याकडं आलं, तेव्हा सह्याद्रीत जांभ्या दगडातून लोखंड काढणाऱ्या धावडांच्या भट्ट्या विझल्या. औद्योगिकीकरण आपल्या डोंगरात पहिल्यांदा पोचलं ते असं. नवा कारखाना उभा राहायच्या कितीतरी आधी जुनी भट्टी बंद पडली.

पण फौंड्री म्हणजे खनिजातून लोखंड काढणं नव्हे. फौंड्रीत लोखंडच आत येतं आणि लोखंडच बाहेर जातं. रनर-रायझर, म्हणजे रस साच्यात जायच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड, तोडून परत भट्टीत टाकले जातात, जळून जातं ते थोडं. वजनच घटत नसेल तर वेबरचा हिशेब फौंड्रीला कुठंच बांधून ठेवत नाही. ती खाणीजवळ असली काय आणि गिऱ्हाइकाजवळ असली काय, वाहायचं वजन सारखंच. मग ती कोल्हापुरातच का?

याच्या उत्तरासाठी आधी सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला जावं लागतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावचे. मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवायचे, ती नोकरी सोडून गावी आले, सायकली विकल्या, कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. कृष्णाकाठची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. हरळी आणि कुंदा ही तणं खोल गेलेली असतात. लाकडी नांगराला बैलांच्या चार-चार जोड्या जुंपल्या तरी मुळं तशीच राहायची. बाजारात विलायती लोखंडी नांगर होते, ते बघून लक्ष्मणरावांनी आपला नांगर घडवला. आणि तो विकला जाईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली.

नांगर खपायला लागला तोवर बेळगावात जागेचा प्रश्न आला. गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी होती, कारखाना हलवायला सांगितलं. त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा माळ त्यांनी दिला, भांडवलाला कर्जही दिलं. निवडुंग माजलेला, साप-विंचवांचा माळ. १९१० मध्ये यंत्रं तिथं आली, आणि पुढं त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

नकाशा काढून बघा. औंध संस्थान सलग नव्हतं, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं होतं, आणि कुंडल हा त्यातलाच एक तुकडा, चहूबाजूंनी इंग्रजांचा मुलूख. आणि नेमकी त्या तुकड्यापाशी रेल्वे. कोळसा आणि पिग आयर्न उतरवायला स्टेशन, नांगर चढवायला तेच स्टेशन, आणि अवतीभवती काळी जमीन कसणारे शेतकरी, म्हणजे गिऱ्हाईक दारात. लोखंड आणि कोळसा काही त्या माळानं दिला नाही. दिला तो आसरा, एका स्वदेशीच्या भक्तानं, जो योगायोगानं राजा होता.

माझ्या मते आपल्याकडच्या औद्योगिक इतिहासात संस्थानांचं हे अंग फारच कमी सांगितलं जातं. इचलकरंजी घ्या. तिथं कापसाचा पट्टा नाही, तरी १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला आणि जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापडाची गिरणी उभारायला घेतली. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड मिळेना, तेव्हा किर्लोस्करांना ओतायला संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या त्याही महाराजांनीच. तोफा वितळवून नांगर! मला हा प्रसंग कितीही वेळा सांगितला तरी कमीच वाटतो.

तिकडं कराडच्या स्टेशनाला लागून १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना झाला. प्रभाकर कंदील तिथलाच. तो कारखाना आज नाही, ओगलेवाडी हे नाव तेवढं राहिलं.

आता कोल्हापूर. इथं राजा होता, पेठ होती, पण धंदा रुजला त्याचं मूळ मी गुळात बघते. पंचगंगेच्या काठावर ऊस, उसावर गुऱ्हाळं, आणि शाहूपुरीच्या पेठेत गुळाचा व्यापार. गुऱ्हाळाला लोखंडी चरक लागतो. चरकाचे लाट, म्हणजे रूळ, झिजतात, दाते तुटतात. राधानगरीच्या धरणाचं काम महाराजांनी सुरू केलं. नदीवर, विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन-पंप बसायला लागले. इंजिनं विलायती, रस्टन, लिस्टर. आणि इंजिन बंद पडलं तर? ऐन उन्हाळ्यात उभा ऊस वाळत असताना पार्ट विलायतेहून यायची वाट कोण बघणार?

तो पार्ट कुणीतरी इथंच करून द्यायला हवा होता. उद्यमनगर, कोल्हापुरातली छोट्या कारखान्यांची वस्ती, उभं राहिलं ते या गरजेवर, असं माझं ठाम मत आहे. आधी दुरुस्ती. मग तुटलेला भाग नवा ओतून देणं. मग एकेक करत सगळेच भाग, आणि शेवटी पुरं इंजिन. महादबा मिस्त्री शेळके, वाय. पी. पोवार ही नावं कोल्हापुरात आजही मानानं घेतली जातात. कॉलेजात न शिकता यंत्र उलगडून बघायचं आणि तसंच घडवायचं, ही या गावाची जुनी खोड. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतः घडवला, तोही त्याच वृत्तीनं.

आबा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. हे काम काय असतं ते जरा सविस्तर सांगते, कारण पुस्तकातल्या 'कुशल मजूर' या दोन शब्दांत ते मावत नाही.

शेतकरी तुटलेलं सिलिंडर हेड पोत्यात घालून एस.टी.नं घेऊन यायचा. आबा ते आधी रॉकेलनं धुवायचे, मग मापं घ्यायचे. झिजलेल्या भागाचं माप घेऊन चालत नाही, झिजायच्या आधी ते किती असेल हे ओळखावं लागतं. मग सागवानाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आबांकडं श्रिंकेजची, म्हणजे या आकसण्याच्या हिशेबाची, वेगळी पट्टी होती, तिच्यावरचे इंच मुळातच थोडे लांब आखलेले. आम्हा मुलांना त्या पट्टीला हात लावायची बंदी होती, कारण वहीत रेघा मारायला कुणी ती नेली आणि साधी पट्टी तिच्या जागी ठेवली, तर अख्खा जॉब वाया. मशीनिंगला किती जाड सोडायचं, पॅटर्न वाळूतून उचलताना साचा फाटू नये म्हणून बाजूला किती उतार द्यायचा, हेही त्यातच. आतल्या पोकळीसाठी कोअर, म्हणजे साच्यात ठेवायचा वाळूचा ठोकळा, वेगळा. त्या कोअरच्या वाळूत मळी घालायचे, साखर कारखान्याची. भाजल्यावर ती वाळू घट्ट धरते, आणि लोखंडाचा रस ओतल्यावर आतल्या आत जळते, मग कोअर ठोकला की वाळू मोकळी होऊन बाहेर पडते. उसाला पाणी देणाऱ्या इंजिनाच्या हेडमध्ये उसाचीच मळी! तिचा वास अजून माझ्या नाकात आहे, गोडसर आणि करपट.

पॅटर्न झाला की तो चार गाळे सोडून मोल्डरकडं, म्हणजे साचा करणाऱ्याकडं, जायचा. तिथून कास्टिंग, म्हणजे ओतून निघालेला भाग, समोरच्या लेथवर. तिथं काही चुकलं तर लेथवाला चालतच आबांकडं यायचा, "इथं जाडी कमी पडतीया, बघा," म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्न सुधारलेला असायचा. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० मध्ये शेफिल्डसारख्या गावांबद्दल हेच मांडलं आहे. एका धंद्याची माणसं एका जागी राहिली की धंद्यातलं ज्ञान सगळ्यांत मुरतं, पोरांना ते नकळत येतं. यादीतल्या आठ घटकांत हा नववा घालायला हवा, आणि माझ्या अनुभवानं तो सगळ्यांत जड आहे.

हे फक्त कोल्हापूरचं असतं तर मी एवढं ठासून म्हटलं नसतं. पण राजकोट बघा. सौराष्ट्रात भुईमूग, विहिरी, आणि राजकोटमध्ये ऑइल इंजिनांचा धंदा आणि फौंड्र्या. कोइमतूर बघा. खोल विहिरी, शिवाय कापडगिरण्या. १९३० च्या दशकात पायकाराची जलविद्युत आली, जी. डी. नायडूंनी इलेक्ट्रिक मोटर केली, आणि पुढं ते गाव पंपांचं झालं. आमच्या शेजारी बेळगावची उद्यमबागही त्याच वळणाची. या गावांनी खाणीची वाट बघितली नाही. जिथं पाणी जमिनीतून किंवा नदीतून उपसावं लागलं, तिथं पंप आणि इंजिन गेलं, आणि इंजिनाच्या मागून फौंड्री गेली. हावड्याची गोष्ट निराळी, तिथं ताग आणि रेल्वे होती. पण तिथंही यंत्र आधी आलं आणि ओतकाम त्याच्या मागून.

कोळसा मात्र झारखंडातून आणावाच लागायचा. पुण्यापर्यंत ब्रॉडगेज आणि पुढं मिरज-कोल्हापूरला मीटरगेज, म्हणजे पुण्यात माल एका वाघिणीतून दुसरीत भरायचा. १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली तेव्हा ती कटकट गेली. पण धंदा त्याआधीच पाय रोवून बसला होता. रेल्वेनं त्याला आणलं नाही, वाढवलं.

मग ऑइल इंजिनाचे दिवस सरले. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, गावोगाव खांब पोचले, विहिरीवर इलेक्ट्रिक मोटर बसली. उद्यमनगराचं मुख्य गिऱ्हाईकच गेलं. इथं धंदा संपायला हवा होता. संपला नाही, कारण तोवर पुण्यात पिंपरी-चिंचवडला ट्रक आणि स्कूटर तयार व्हायला लागल्या होत्या, आणि त्यांना कास्टिंग हवी होती. १९६२ मध्येच एमआयडीसी स्थापन झाली. शिरोलीला, गोकुळ शिरगावला प्लॉट पडले, दारातून पुणे-बंगळूर महामार्ग. कोकवरच्या कुपोला भट्ट्या जाऊन विजेवरच्या इंडक्शन फर्नेस आल्या. जिरायती माळावर शेड उभ्या राहिल्या, पण त्यांत शिरलेली माणसं उद्यमनगरात शिकलेली होती. माळ कुठंही मिळाला असता.

म्हणूनच दर काही वर्षांनी "वीज महाग आहे, आम्ही कर्नाटकात जातो" ही घोषणा होते, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. तक्रार खरी आहे, इंडक्शन फर्नेसवर वीजबिल हा केवढा खर्च आहे ते मला ठाऊक आहे. सरहद्द इथून तासाभरावर. तरी सगळे उठून गेले नाहीत, कारण फर्नेस हलवता येते पण शेजार हलवता येत नाही. सकाळी पॅटर्न मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देणारा, हीट ट्रीटमेंटवाला, शॉट ब्लास्टिंगवाला, गेज करून देणारा, हे सगळे दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहेत. दर थोडा कमी म्हणून मी लांबच्या एका पुरवठादाराकडून पॅटर्न करून घेतला होता. वाईट नव्हता, पण प्रत्येक बारीक दुरुस्तीला फोन, फोटो, कुरिअर. आबांच्या काळी जे चालत जाऊन व्हायचं त्याला आठवडा जायला लागला.

आता विजेवरच्या गाड्या येतायत. त्यात इंजिन ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही. ट्रॅक्टर आणि मोठे ट्रक एवढ्यात बदलणार नाहीत, पंप राहतील, व्हॉल्व्ह राहतील, पण ज्यांचं सगळं काम छोट्या इंजिनांच्या कास्टिंगवर आहे त्यांना दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागणार. ऑइल इंजिन गेलं तेव्हा हे गावानं एकदा केलेलं आहे. तेव्हा ते जमलं, कारण काही नवं आलं की आधी खोलून बघणारे आणि लाकडात तसं उतरवून दाखवणारे लोक गाळ्यागाळ्यांत बसलेले होते.

तेच गाळे आज एकेक करून शोरूम होतायत. भाडं जास्त मिळतं, मालकाचं चूक नाही. पॅटर्न आता सीएनसीवर होतो, रेझिनचा होतो, हेही ठीक. पण तो करणाऱ्या पोराला बसायला मोल्डरच्या आणि लेथवाल्याच्या जवळ परवडेल असा गाळा हवा. नव्या औद्योगिक वसाहती आखताना एकरांचे प्लॉट आधी पाडले जातात, आणि अशा छोट्या गाळ्यांचा विचार झालाच तर शेवटी. ज्यांच्या हातात हे आहे त्यांना मी प्रत्येक बैठकीत एकच मागणी करते : शिरोलीत आणि कागलला पॅटर्न शॉप, टूलरूम आणि दुरुस्तीवाल्यांसाठी पाचशे-हजार चौरस फुटांचे गाळे राखून ठेवा, भाड्यानं, आणि शोरूमला द्यायचे नाहीत या अटीवर.

भाचीला मी पुढच्या सुट्टीत फौंड्रीत घेऊन जाणार आहे, ओतकामाच्या वेळी. आबांची श्रिंकेजची पट्टी तिच्या पट्टीशेजारी ठेवून तिलाच सांगणार आहे, फरक मोज.